न लागणारा दिवा

संगमनेर,
रविवार, रात्री

चि. माई,


सकाळी तू गाडी घेऊन आलीस तेव्हा मी बोनेट उघडायच्या आधी चावी एक घर फिरवली आणि इंजिन चालू न करता डॅशबोर्डावरचे दिवे मोजत बसलो. तुला वाटलं असेल, मामा नुसता बघत काय बसलाय. हँडब्रेकचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, इंजिनाचा पिवळा लागला. ऑइलचा लाल दिवा, तो तेलाच्या झारीसारख्या चित्राचा, लागला नाही. तू म्हणालीस, "मग बरंच की मामा, म्हणजे ऑइल ठीक आहे." मी तेव्हा काही बोललो नाही, कारण हात काळे झाले होते आणि तुला साकूरला परत जायची घाई होती. आता जेवण झाल्यावर निवांत लिहितोय. हे पत्र गाडीच्या कप्प्यात, आरसी बुकाशेजारी ठेव.

तो दिवा लागायलाच हवा होता. चावी फिरवली आणि इंजिन बंद आहे, म्हणजे ऑइलला दाब नाही. दाब नसला की इंजिनावरचा ऑइलचा स्विच सर्किट पुरं करतो आणि दिवा पेटतो. इंजिन चालू झालं, दाब तयार झाला, की दोन-तीन सेकंदांत विझतो. आपल्या गाडीत मी खाली हात घालून बघितलं, तर त्या स्विचची वायर काढून, चिकटपट्टी गुंडाळून बाजूला खोचून ठेवलेली. स्विचमधून ऑइल पाझरत होतं, त्यामुळे दिवा मधूनमधून लागत असणार. कुणीतरी स्विच बदलण्याऐवजी वायरच काढली, आणि तुझ्याआधी गाडी चालवणाऱ्या दाजींना सांगितलं असेल की काम झालं. दाजींचा दोष नाही. दिवा लागायचा थांबला की माणसाला हायसं वाटतं. पण त्या दिवसापासून ते बिनराखणीची गाडी घाटातून चालवत होते, आणि गेला महिनाभर तूही.

तू जनावरांची डॉक्टर आहेस, तुला हे मी काय समजावणार. हंबरणाऱ्या गाईची तू तेवढी काळजी करत नाहीस. रवंथ थांबवून कोपऱ्यात गप्प उभी राहिलेली गाय दिसली की आधी तिच्याकडे जातेस. गाडीचं तसंच धर. रोज पहिल्यांदा गाडी चालू करताना चावी एक घर फिरवून थांब, सगळे दिवे लागले का बघ, मग सेल्फ मार, आणि विझायचे ते विझले का बघ. एवढ्याला पाच सेकंद लागतात. जो दिवा चावी फिरवल्यावर लागतच नाही, त्याच्याबद्दल मला त्याच दिवशी फोन कर. कधी दुसऱ्या कुणासाठी जुनी गाडी बघायला गेलीस, तर रंग आणि सीटकव्हर बघण्याआधी हे बघ. विकणारा इंजिन आधीच चालू करून ठेवतो आणि "बघा, एकही दिवा नाही" म्हणतो. तेव्हा गाडी बंद करायला लाव.

नवा स्विच मी बसवलाय. बसवण्याआधी त्याच भोकात दाबाचं घड्याळ लावून बघितलं, दाब चांगला आहे. इंजिन वाचलंय.

ऑइलच्या या दिव्याबद्दल एक गोष्ट शिकलेले लोकही चुकतात. तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. ऑइल लिटरभर कमी झालं तरी तो गप्प असतो. दाब अगदी तळाला गेला की पेटतो, आणि तेव्हा क्रँकच्या बेअरिंगवरचा ऑइलचा पातळ पडदा आधीच फाटलेला असतो, लोखंडाला लोखंड घासायला लागलेलं असतं. म्हणून पातळी तू पट्टी काढूनच बघायची. आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड. पट्टी पुसून परत घाल, मग काढून बघ. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, ती काजळी आहे, त्याला घाबरू नकोस. पण ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, गाडी हलवू नकोस. आणि न घालता पातळी वाढलेली दिसली, तर त्यात डिझेल उतरतंय, तेही लगेच सांग. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल कधी भरू नकोस. जास्त झालेलं ऑइल इंजिन हवेच्या वाटेनं ओढून घेऊ शकतं, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नसल्यामुळे ते त्या ऑइलवरच धावत सुटतं. मग चावी काढली तरी बंद होत नाही. तसं कधी झालंच तर ब्रेक दाबून धर, पाचवा गिअर टाक आणि क्लच सोड, इंजिन दमून बंद पडेल.

घाटात वळणावर झारीचा दिवा क्षणभर लुकलुकला आणि सरळ रस्त्याला विझला, तर ऑइल कमी झालंय आणि वळणावर ते एका बाजूला जातंय. पुढच्या सपाट जागेला थांबून पट्टी बघ. आणि दिवा पेटलेलाच राहिला, तर कडेला घेऊन तिथल्या तिथं इंजिन बंद. पुढचं गाव दिसत असलं तरी.

हे मी कुठून शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही. 1998 साली माझ्याकडे जुनी जीप होती. नारायणगावचं लग्न आटपून तुझी मामी, पोरं आणि मी परत येत होतो. बोट्याच्या पुढे दिवा लागला. मी डेपोत रोज इंजिनं उघडणारा माणूस, दिव्याचा अर्थ मला त्या रस्त्यावर कुणाहीपेक्षा जास्त कळत होता. तरी मी मनाशी म्हटलं, घारगावला पोचू, तिथं ओळखीचा माणूस आहे, अंधार पडतोय, पोरं झोपलीत. आधी टकटक ऐकू आली, मग ती मोठी झाली, आणि मुळेच्या पुलाअलीकडे इंजिन धरलं. क्रँक गेला, बेअरिंगं गेली, एका पिस्टनचा रॉड वाकला. मामीच्या पाटल्या गहाण टाकून इंजिन बांधलं. उघडल्यावर कारण सापडलं ते एवढंसं: डायनामोकडे ऑइल नेणारी रबरी नळी तडकली होती, आणि सगळं ऑइल बोट्यापासून रस्त्यावर सांडत आलं होतं. मी दिवा लागला तिथंच थांबलो असतो तर नळी बदलून, ऑइल भरून दोन तासांत निघालो असतो.

मला कळत नव्हतं असं झालं नाही. दिवा लागल्यावर मी विचार करत बसलो, आणि विचार करताना माणसाला घर आठवतं. त्यामुळे तू हे आत्ता, घरात बसून ठरवून टाक: लाल दिवा लागला की गाडी थांबणार. तिकडे कुणाची म्हैस अडलेली असेल, फोनवर फोन येत असतील, तरी. त्या माणसाला सांग दुसरी गाडी पाठव म्हणून. मोटरसायकलवर बसून जा. पण लाल दिव्यावर एक किलोमीटरही नको.

रंगांचा हिशेब सोपा आहे आणि जगभर जवळपास सारखाच आहे. लाल म्हणजे थांब. पिवळा म्हणजे गाडी जाऊ शकते, पण जपून, आणि लवकर दाखव. हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. निळा अपर लाइटचा असतो, समोरून गाडी आली की तो विझलेला असू दे.

आता बॅटरीचा लाल दिवा. लोक समजतात बॅटरी उतरली, घरी जाऊन चार्ज करू. चालत्या गाडीत तो दिवा लागला तर त्याचा अर्थ डायनामो चार्जिंग करत नाही, आणि त्याचं पहिलं कारण तुटलेला किंवा सुटलेला फॅन बेल्ट. तुझ्यासाठी हा दिवा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तू रोज चंदनापुरी घाट चढतेस आणि उतरतेस. पेट्रोल इंजिन हवा ओढताना आपोआप पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीवर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात हवा अडवायला झडप नसते, म्हणून पोकळी मिळत नाही. तिच्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप डायनामोच्याच पाठीला बसवलेला असतो. आपल्या गाडीतही तिथंच आहे, सकाळी मी तुला बोट लावून दाखवला. माझ्या जीपची नळी फुटली ती याच पंपाला ऑइल देणारी. आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप फिरतो.

म्हणजे एक बेल्ट तुटला तर चार्जिंग गेलं, इंजिनाचं पाणी फिरायचं थांबलं, आणि ब्रेकची मदतही गेली. डॅशबोर्डावर मात्र फक्त बॅटरीचं चित्र दिसतं. घाट उतरताना ते दिसलं तर घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नकोस. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरती पोकळी शिल्लक असते, ती उधळली तर पेडल दगडासारखं लागेल. ब्रेक त्यानंतरही लागतो, पण सगळी ताकद लावावी लागते. आधी गिअर खाली घे, इंजिनानं वेग कमी होऊ दे, मग एकदाच ठाम दाबून धर आणि कडेला घे. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरायची सवय असेल तर हे सगळं सोपं जातं. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे इथं पुष्कळ आहेत. चौपदरी रस्ता झाला तरी उतार तोच आहे. तू तसं कधी करू नकोस, आणि चावी बंद करून तर मुळीच नको.

बेल्ट बघणं तुझ्या हातातलं काम आहे. इंजिन बंद असताना, चावी खिशात ठेवून, बेल्ट उलटा करून आतली बाजू बघ. बारीक भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी दिसली की तो बदलायचा. सकाळी गाडी चालू करताना चीं चीं आवाज येतो तो सैल बेल्टचा. ओढणी, साडीचा पदर, गळ्यातली माळ, काहीही लोंबत असताना चालू इंजिनात वाकायचं नाही.

पाण्याचं एक सांगतो. आपल्या भागातलं विहिरीचं, बोअरचं पाणी क्षारांचं आहे. चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. एक लिटर तयार मिश्रण डिकीत ठेव. तापमानाचा काटा वर चढायला लागला तर एसी बंद कर, आणि उन्हाळा असला तरी हीटर पंख्यासह पूर्ण चालू कर. तो इंजिनाची उष्णता काढून घेतो. तरी काटा उतरला नाही किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर थांब. बेल्ट शाबूत असेल तर दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेव. बेल्ट तुटला असेल तर लगेच बंद. झाकण उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर गेलेलं, झाकण सैल होताच तोंडावर येतं. मी माणसांचे चेहरे भाजलेले पाहिलेत. निदान अर्धा तास जाऊ दे, मग जाड फडकं धरून हळूहळू. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. आणि कूलंट सांडलं तर पाणी टाकून पुसून घे. ते चवीला गोड असतं, कुत्री चाटतात, आणि पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पिवळ्या दिव्यांत डिझेलमधल्या पाण्याचा दिवा मी लालच मानतो. इंजेक्शन पंप आणि इंजेक्टर यांना वेगळं ऑइल मिळत नाही, त्यांचं वंगण म्हणजे ते डिझेलच. त्यात पाणी आलं की ते गंजतात, घासतात, आणि त्यांची दुरुस्ती इंजिनाच्या खालोखाल महाग. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवायची नाही, रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री पाणी होऊन खाली बसते. फिल्टरच्या तळाला एक स्क्रू आहे. महिन्यातून एकदा त्याखाली जुनी बाटली धर, स्क्रू सैल कर, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोड, मग घट्ट कर. बाटली उजेडात धरलीस की पाणी खाली आणि डिझेल वर असं वेगळं दिसेल. नंतर वरचा हँड पंप कडक लागेपर्यंत दाब, नाहीतर लाइनमध्ये हवा धरून गाडी चालू होणार नाही. ते बाटलीतलं गटारात ओतू नकोस, माझ्याकडे आण. काढलेल्या काळ्या ऑइलचंही तसंच. वाळवीसाठी लाकडांना लावतो म्हणून कुणी मागेल, देऊ नकोस. पावसात ते शेवटी म्हाळुंगीत आणि प्रवरेत उतरतं.

याच्या पुढे मात्र हात थांबव. आपली गाडी कॉमन रेलची आहे, इंजेक्टरच्या लोखंडी नळ्यांत हजार बारपेक्षा जास्त दाब असतो. जुन्या इंजिनाला आम्ही नळीचा नट सैल करून हवा काढायचो, ते इथं करायचं नाही. डिझेल कुठून गळतंय ते बोटानं चाचपायचंही नाही. सुईसारखी धार कातडीत शिरते, वर फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, आणि आत हात सडतो. तसं कुणाला झालं तर त्याच तासात सर्जनकडे न्यायचं. ब्रेक उघडायचे नाहीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, आधी घोडी लावायची. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालायचा नाही.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीची ओढ एकदम कमी झाली, तर कॉम्प्युटरनं इंजिन वाचवण्यासाठी आपणहून ताकद कमी केलेली असते. हळू चालवत संगमनेरला ये. स्कॅनर लावू. स्कॅनरचा कोड कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. तोच सेन्सर खराब आहे असं नाही. उंदरानं वायर कुरतडलेली असते, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं. कोड वाचून तुला कुणी थेट महागडा सेन्सर बदलायला सांगितला, तर आधी वायर बघा म्हण.

ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही विझला नाही, तर ब्रेक ऑइल कमी झालंय. ते ओतून पुढे जाऊ नकोस. ते उडून जात नाही, कुठेतरी गळतंय किंवा लायनर झिजलेत. आणि तुझ्या जुन्या इंडिकावाल्या मैत्रिणीला सांग, थंडीत वेटोळ्यासारखा पिवळा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचा नाही, तो हीटर प्लगचा आहे.

तुमच्या साकूरच्या पठारावर धूळ फार. तिथं एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट बघत नाही. दर दोन आठवड्यांनी काढून झटक, हवा मारायची झाली तर आतून बाहेर मार. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही. काळा धूर दिसायला लागला तर पहिल्यांदा इथेच बघ. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि गरम इंजिनातून पांढरा, ओलसर धूर येत राहिला तर पाणी जळतंय. घाट चढून वर आलीस आणि लगेच थांबायचं असलं तर मिनिटभर इंजिन तसंच राहू दे. टर्बोचं बेअरिंग ऑइलवर जगतं, तापलेलं असताना ऑइल बंद झालं की त्याच्यावर कोळसा धरतो.

एक मल्टिमीटर घे, काही शे रुपयांना मिळतो. इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा दिसलं पाहिजे. चालू इंजिनावर तेरालाही पोचत नसेल तर दिवा लागायच्या आधीच तुला कळेल की डायनामो दमलाय. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी जमली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धू. उघडताना आधी निगेटिव्ह, लावताना तो शेवटी.

आपली ही बोलेरो 2012 ची, म्हणजे 2027 ला पंधरा वर्षं पुरी होतील. श्रीरामपूरला एमएच-17 च्या कार्यालयात तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर असं सगळं करावं लागेल. लोक म्हणतील विकून टाक. माझं मत वेगळं आहे. बोलेरो नाशिकला बनते, तिचे पार्ट आपल्या गावात कुठेही मिळतात, आणि तू जिथं जातेस त्या वस्त्यांवर उंच, साधीच गाडी लागते. इंजिन नीट असेल तर ती तुला अजून बरीच वर्षं साथ देईल. दर वेळी काय बदललं, किती किलोमीटरला, ते एका वहीत लिहीत जा. तू जनावरांची लिहितेस तशीच.

पुढच्या रविवारी ये. बेल्टच्या आतल्या बाजूला भेगा दिसायला लागल्यात, मी नवा आणून ठेवतो आणि या वेळी बारा-तेराचा पाना तुझ्याच हातात देतो. जुना बेल्ट फेकायचा नाही, अडीअडचणीला असू दे; तो स्टेपनीच्या खाली ठेवायचा. मामी म्हणते, येताना डबा परत आण.

तुझा,
मामा